शिवणीवरचा निळा

निळा सगळीकडे बसला, आणि चार बोटांच्या जागेत बसला नाही. माहेनूरच्या हातातली रंग फिरवायची मलमलीची पुडी तशीच वर राहिली. पुडीच्या टोकाशी रंगाचा थेंब जमला, फुगला, आता पडेल मग पडेल करत लोंबला, आणि तिनं तो डाव्या तळव्यावर झेलला, कारण खाली लाकूड होतं. स्पिरिटमध्ये कालवलेला तो थेंब गार लागला. एप्रिलची दुपार, धूळ उडू नये म्हणून पंखा बंद, दुकानाचं शटर तीन हिस्से खाली ओढलेलं, पाठीवरून घामाचे ओघळ, आणि तळहाताच्या मधोमध एवढंसं गार. क्षणभर तिला वाटलं, तेवढ्यावरच लक्ष ठेवावं, टेबलाकडे बघूच नये. मग तिनं बघितलं. टेबलावर उलट्या ठोकलेल्या चार खिळ्यांच्या टोकांवर गिटारचं धड आडवं होतं. अजून मान नाही, तारा नाहीत, नुसतं कमरेशी आत गेलेलं, दोन शिंगांचं धड. ओलं निळं. त्या निळ्यातून शिवणीच्या लाकडाच्या रेषा पाण्याखालच्या गवतासारख्या दिसत होत्या, हव्या होत्या अगदी तशा. फक्त वरच्या कडेला, वाजवणाऱ्याचं कोपर टेकतं तिथं, रंग आल्यासारखं करून मागं सरला होता. चार फिकट पट्टे. शेजारी शेजारी. एक जरा लांब, एक आखूड.

भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते. प्रज्ञेश चार वाजता येणार होता. शिरड शहापूरचा हा वायरमन दिवसभर लोकांच्या मीटरपाशी आणि खांबांवर असायचा, आणि रात्री अंगणात बसून त्यानं आठ महिन्यांत शिवणीच्या एका ओंडक्यातून हे धड कोरून काढलं होतं, मोबाईलवर बघून बघून, तारांचा आवाज पकडणारी तांब्याच्या तारेची वेटोळीसुद्धा स्वतः गुंडाळून. पहिल्या दिवशी तो ते आईच्या, जनकाबाईंच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळून घेऊन आला होता, मोटारसायकलवर पोटाशी धरून. "निळा पायजे ताई," तो म्हणाला होता. "पण ऑइलपेंट न्हाई. समदे म्हणून राहिले गाडीचा रंग मार, चमकंल. मला चमक नंतर पायजे, आधी लाकूड दिसलं पायजे. लोकायला कळलं पायजे का हे झाडाचं हाय." जयंतीला त्याच्या मंडळाचा गाण्याचा कार्यक्रम होता, सहा दिवसांवर. रंग आज, मग पाच दिवस पॉलिश, रोज थरावर थर, हातावर हात चढवायचे, वाळू द्यायचे, घासायचे, शेवटच्या सकाळी त्यानं मान आणि तारा बसवायच्या. एका दिवसाचीसुद्धा सैल जागा कुठं नव्हती. तिनंच तर हिशोब करून दिला होता, बोटं मोडून, मोठ्या ऐटीत. आणि वेताच्या मोढ्यावर बसून अब्बा ते ऐकत होते, दोन्ही हात काखेत दाबून. अबूबकर मिस्त्रींचे हात सरत्या हिवाळ्यापासून कापायला लागले होते. कपातला चहा बशीत, बशीतला मांडीवर. चाळीस वर्षं हिंगोलीतल्या लाकडावर पॉलिश करत फिरलेले हात. गिऱ्हाईक गेल्यावर ते म्हणाले होते, "हे एक काम तू एकटीनं पार पाड. मी हात लावणार न्हाई, तोंड बी घालणार न्हाई. जमलं तर दुकानाची पाटी राहील. न्हाई जमलं तर फकीरला चावी देतो, अन तू लेकराला घेऊन सुखानं पुण्याला जा." फकीर तिचा चुलतभाऊ; त्याला इथं सनमायका आणि प्लायवूड मांडायचं होतं. अब्बा दुकानात तिच्याशी मराठीतच बोलायचे, मागच्या खोलीत गेलं की घरातली बोली. लहानपणी तिला वाटायचं, लाकडाला मराठीच कळते. म्हणून "सुखानं" हा शब्दही तिला दुकानातला वाटला, मापून दिलेला. पुण्यात कंपनीत नवरा होता, पाचव्या मजल्यावरची एक खोली होती, आणि नवऱ्यानं फोनवर म्हटलं होतं की दुकान तुझ्या हाती आलं तर मीच येतो इकडं, तुझी कपाटं उचलायला. हसत म्हटलं होतं. पण म्हटलं होतं.

तिनं पुडी पुन्हा बुडवली, पिळली, आणि त्या जागेवरून हलकी फिरवली. ओला निळा पट्ट्यांवर पसरला, क्षणभर सगळं एकसारखं झालं, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत रंगाचे बारीक बारीक मणी झाले आणि ते मणी कडेकडेला पळाले. तेल. दुसरं काही नाही. हे तिला पहिल्या क्षणीच कळलं होतं, पण कळणं आणि मान्य करणं यांच्यामध्ये ती आतापर्यंत उभी होती, शटर अर्धं ओढून उभं राहावं तशी. ती नऊ वर्षांची असताना अब्बांनी तिला पहिल्यांदा टेबलाशी उभं केलं होतं, खाली डबा ठेवून, उंची पुरावी म्हणून. घासून घासून कोरं केलेलं सागवानाचं फळकूट, ओल्या फडक्यानं पुसून लव उभी केलेलं, पुन्हा घासलेलं. गालाला लावून बघ, ते म्हणाले होते. तिनं गाल लावला, आणि त्यांनी ओरडून तो मागं खेचला होता. "बघ म्हणलं तर बघते बी! शिकलीस आता? लाकूड घासलं का उपाशी होतं. त्याला पहिला घास ज्याचा लागला ते त्याचंच होतं. मग तू वरून बादशाही रंग घाल, ते न्हाई घेत." त्या फळकुटावर रंग दिला तेव्हा तिच्या गालाची एक फिकट गोल जागा उमटली होती. केसांच्या तेलाची. अब्बांनी ते फळकूट फेकलं नाही, वर्षभर खिळ्याला टांगून ठेवलं. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचे, ही आमच्या पोरीची अक्कल.

कुणी लावला हात? आज सकाळी अकराला तिनं हे धड शेवटचं स्पिरिटनं पुसलं होतं. पुसून, उजेडात तिरकं धरून, एकेक रेषा बघितली होती, कोरं होतं, आणि वाळायला मागच्या खोलीतल्या खाटेवर ठेवलं होतं. मग तिची लेक सिदरा रडली, पाच महिन्यांची झाली तरी रडणं नव्या जिवासारखं, श्वास कोंडेपर्यंतचं, तिला पाजलं, मग मालिशीची वेळ. मालिश अम्मीच करायची, पाय लांब करून, पायांवर लेकरू पालथं घालून, वाटीत कोमट तिळाचं तेल. अम्मी! माहेनूरनं पुडी खाली ठेवली. ती पडदा सारून मागच्या खोलीत गेली. सिदरा झोळीत झोपली होती, टाळूवर तेल चमकत होतं. अब्बा खाटेवर कुशीवर, जोहरच्या, दुपारच्या नमाजनंतरची त्यांची झोप. तिची अम्मी, फातिमाबी, खाली बसून लसूण सोलत होती.

"अम्मी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "वो लकडीकू तुमने हात लगाया?"

"कौनसी लकडी?"

"गिटार. सुबूमे. मालिश के बखत."

"मै कायकू लगाती?" फातिमाबीनं लसणाची पाकळी वाटीत टाकली. "मेरेकू तो उसकू देखकेच डर लगता. मुंडी नै, पाव नै, नुसता पेट. काटेला बकरा सरीका."

"याद करो ना जरा. तेल का हात."

"अगे, मै हिलीच नै जगा से. तेरी बेटी मेरे पाव पे थी. तूच उठा उठाके इधर-उधर कर रही थी. 'अम्मी, खाट पे धूप आ री, इसकू सरकाती.' तूच." मग तिच्या तोंडाकडे बघून अम्मीचा हात थांबला. "क्या हुआ गे? बिगड गया?"

"कुछ नै," माहेनूर म्हणाली. "सो जाव तुम."

"लसून लेके सोऊ?"

ती परत टेबलाशी आली तेव्हा रंग वाळला होता. उन्हाळ्यात स्पिरिट उडतं तसं काहीच उडत नाही. ओला असताना खोल दिसणारा निळा आता वरवर आला होता, जरा मळका, तो तसाच दिसतो, पॉलिश चढलं की पुन्हा खोल जातो. पण पट्टे आता आणखी स्पष्ट होते. तिनं अम्मीचा हात आठवून बघितला. आखूड बोटं, करंगळी वाकडी. नाही. मग फार सावकाश, जणू कुणी बघत असावं तशी, तिनं स्वतःचा उजवा हात उचलला आणि लाकडाला न टेकवता त्या पट्ट्यांच्या वर धरला. मधलं बोट लांब पट्ट्यावर. करंगळी करंगळीवर. बोटाला बोट जुळलं. तेव्हा तिला आठवलं, म्हणजे डोक्याला नव्हे, खांद्याला आठवलं. खाटेवर ऊन सरकत आलं होतं. लाकूड उन्हात तापलं की चिरतं, या धास्तीनं ती धावली होती. त्याआधी काय करत होती ती? अम्मीच्या पायांवरच्या लेकराच्या टाचा चोळत होती. उजव्या तळव्यात दोन्ही एवढ्याशा टाचा. तशीच उठली, फडकं न घेता, आणि धड उचललं ते कसं, तर खालून डावा हात आणि वरून उजवा, छातीशी, मान सांभाळावी तसं, जिला मान नव्हती त्या वस्तूची मान सांभाळत. वजन तिला ओळखीचं लागलं होतं. अडीच किलोला थोडं कमी. दवाखान्यातल्या ताटलीसारख्या काट्यावर जन्मल्या दिवशी सिदराचं आलं होतं तेवढं, आणि नर्स म्हणाली होती, कमी आहे, जपा. त्या पहिल्या रात्रीपासून ती जपतच होती. हात धुऊन, पुन्हा धुऊन. झोपेत श्वास चालू आहे ना म्हणून नाकापाशी बोट धरून. जगातलं सगळं जपणं तिनं एकाच रीतीनं शिकून घेतलं होतं, तळव्याला तेल लावून, छातीशी धरून. आणि त्याच रीतीनं तिनं दुसऱ्याच्या आठ महिन्यांची माती केली होती. निष्काळजीपणानं झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. निष्काळजीपणाला शिव्या तरी घालता येतात.

सव्वातीन झाले. काय करता येईल? घासायचं, पण तेवढीच जागा घासली तर तिथं खळगा पडणार, आणि पॉलिश म्हणजे आरसा, त्यात केसाएवढा खळगाही डोळ्यांत भरतो. सगळा दर्शनी भाग सारखा उतरवायचा, तर दिवस जाणार. आणि तेल किती खोल गेलंय, देव जाणे. शिवण मऊ, भुकेली. तिचे डोळे फळीकडे गेले. फळीवर काळ्या रंगाच्या भुकटीचं पाकीट होतं. काळा. कडेकडेनं काळा फिरवायचा, बोटभर रुंद, मग तो निळ्यात विरवत आणायचा, चारी बाजूंनी, मुद्दाम केल्यासारखा. पट्टे काळोखात बुडतील. गिटारी तशा असतातही. प्रज्ञेशनं मोबाईलवर दाखवल्या होत्या, कडा काळोखी आणि मध्ये उजेड. तो खूष होईल. अब्बा म्हणतील, जमलं. तिनं वाटीत काळा कालवला. वाटीत चमचा फिरवता फिरवता तिला समोर कपाटं दिसू लागली. अब्बांची कपाटं. जवळा बाजारच्या व्यापाऱ्याचं, डोंगरकड्याच्या डॉक्टरांचं, तिच्या स्वतःच्या लग्नातला पलंग. सगळ्यांच्या कडा काळसर, आतल्या बाजूला उजळत गेलेल्या. लोक म्हणायचे, ही अबूबकर मिस्त्रीची सही. लांबून ओळखू येते. तिलाही अभिमान होता त्याचा. चमचा थांबला. पलंगाच्या उशाकडची कड इतर कडांहून जरा रुंद होती. का होती? तिनं कधी विचारलं नव्हतं. आता कुणाला विचारायची गरजच नव्हती. त्या काळोखात कुणाचे हात होते? कामावरच्या माणसांचे, जेवून तसाच लावलेला हात, कदाचित अम्मीचे, तरुण असतानाचे, कदाचित तिचा स्वतःचा रांगतानाचा. तिला अब्बांचा राग आला नाही. उलट माया दाटून आली. आणि त्या मायेच्या खालून, थंड, एक भीती. म्हणजे हे असंच असतं. एकदा काळा फिरवला की मग आयुष्यभर कडेची काळजी. पडद्याकडे एक डोळा ठेवून चालायचं. दुकान माझं होईल, ती मनाशी म्हणाली, आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूवर मला एकटीलाच चार बोटं दिसत राहतील. तिनं पुडी काळ्यात बुडवली. पिळली. कडेशी नेली.

बाहेर मोटारसायकल थांबली. अजून चार वाजायला वीस मिनिटं होती. शटरखालून आधी चपला दिसल्या, मग वाकून आत येणारं डोकं.

"ताई, थोडा लवकरच आलो. राहवतच न्हाई हो." प्रज्ञेश सरळ उभा राहिला, बाहेरच्या उन्हानं त्याला आत काही दिसेना, डोळे चोळत तो टेबलाच्या अलीकडच्या बाजूला आला, आणि थबकला. "आई शप्पथ."

काळी पुडी तिच्या मुठीत होती.

"हे मी कोरलेलंच हाय का हो? ह्या रेघा होत्या ह्याच्यात? मला तर दिसल्याच न्हाईत कधी." तो वाकला, हात पाठीमागं बांधून, जत्रेत लेकरू बांगड्यांवर वाकतं तसा. त्या अर्ध्या उजेडात वरची कड त्याच्यापासून लांब, सावलीत होती. "आईला फोटो धाडू का? धाडतोच. म्हणत होती, कशाला त्या बाईमाणसाकडं देऊन राहिला. आता बोल म्हणावं."

आता एवढंच करायचं होतं की काही करायचं नव्हतं. उद्या या म्हणायचं. तिच्या जिभेवर ते शब्द आलेसुद्धा. पण तोंडातून निघालं ते वेगळं, आणि आवाज इतका कोरडा की तिचा तिलाच अनोळखी वाटला. "दादा, आधी शटर वर करा. पुरं."

शटर खडखडत वर गेलं. ऊन एकदम टेबलावर आलं. तो वळला, मोबाईल उघडलेला, आणि मोबाईल खाली आला.

"हे काय हाय?"

"माझा हात."

"म्हंजे?"

"तेलाचा हात. लेकराची मालिश चालू होती, तसंच उचललं मी. ऊन लागंल म्हणून."

त्यानं मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाला, "आठ महिने, ताई. मी ह्याला उंदरापासून राखलं. पाऊस आला तर आधी हे घरात, मग खाट. अन तुमी तेल लावलं."

"व्हय."

"व्हय काय व्हय!" त्याचा आवाज चिरकला. मग त्याला वाटी दिसली. "अन हे काळं कशाला?"

"कडेनं फिरवलं असतं तर दिसलं नसतं. तुमाला कधीच कळलं नसतं."

"मग काहून न्हाई फिरवलं?" तो जवळजवळ ओरडलाच. "मला न्हाई कळलं असतं तर मी खुशीत गेलो असतो की घरी! आता मी काय करू ह्याचं?"

पडदा हलला. अब्बा दारात उभे होते, झोपेनं चुरगळलेल्या कुडत्यात. किती वेळचे, कुणास ठाऊक. त्यांनी आधी काळ्या वाटीकडे बघितलं. मग तिच्या मुठीकडे. मग लाकडाकडे.

प्रज्ञेश त्यांच्याकडे वळला. "चाचा, आता तुमीच सांगा. काळं मारायचं का काय करायचं? तुमी एवढे जुने माणूस."

अब्बा मोढ्यावर बसले. दोन्ही हात काखेत गेले, पण खांदे कापतच राहिले. ते मराठीत बोलले. "मला काहून विचारून राहिलात? ज्याचा हात, त्याला विचारा."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग माहेनूरनं मुठीतली पुडी वाटीत टाकली आणि वाटी टेबलाखाली ठेवली. "दोन रस्ते हायत," ती म्हणाली. "काळं हवं तर काळं करते, तुमच्यासमोर करते. न्हाई तर सगळं तोंड पुन्हा कोरं करते, आत्तापासून. तेल निघंपर्यंत घासायचं, स्पिरिट पुसायचं, बघायचं. निघंल असं वाटतं, पण जबान न्हाई देत. एक दिवस जाईल, पॉलिशाचे दोन हात कमी बसतील. जयंती झाली का परत आणून द्या, पुरे करून देते. कोपर टेकतं तिथं तुमाला कागदाएवढा फरक लागंल. डोळ्याला न्हाई, हाताला."

प्रज्ञेशनं लाकडाकडे बघितलं. तोंडावरून हात फिरवला. "झाडाचं दिसलं पायजे म्हणलं होतं मी," तो शेवटी पुटपुटला, कुणालाच नाही. आणि जरा वेळानं, अजून रागातच, "घासा मग. बघत काय बसल्या?"

तिनं घासायचा कागद ठोकळ्याला गुंडाळला आणि रेषांच्या दिशेनं पहिला लांब हात मारला. निळी धूळ उठली. आत सिदरा रडू लागली. फातिमाबी शेजारी लसूण द्यायला गेली होती. माहेनूरचे हात कोपरापर्यंत निळे, स्पिरिटचे. अब्बा मोढ्यावरून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. हात कापू लागल्यापासून त्यांनी लेकराला उचललं नव्हतं. रडणं चढत गेलं, श्वास कोंडण्यापर्यंत आलं. तिचा हात थांबला.

"तुमी घासा," प्रज्ञेश म्हणाला. "बहिणीचे दोन सांभाळले हायत मी." आणि पडदा सारून आत गेला. आतून त्याचा आवाज आला, अजून थोडा चिरकलेलाच, "अगं माय, किती रागावून राहिली... कोणावर रागावली, आईवर? मी बी. मी बी तिच्यावरच." रडणं अडखळलं, हुंदक्यांवर आलं. तो बाहेर आला तेव्हा सिदरा त्याच्या खांद्यावर होती, मानेखाली त्याचा तळवा, आणि त्याच्या कामाच्या शर्टावर टाळूच्या तेलाचा गोल डाग हळूहळू मोठा होत होता.

तिनं निळी धूळ झटकली, फडक्यानं स्पिरिट पुसलं. ओलं लाकूड गडद झालं. आता ते वाळायची वाट. जिथं तेल असेल ती जागा मागं राहील, उशिरा फिकी होईल. प्रज्ञेश बघायला पुढं झाला, त्याचा मोकळा हात आपोआप टेबलाकडे आला.

"हात न्हाई लावायचा!" ती ओरडली. "लेकराला घेतलंय तुमी. आज तुमी ह्याला शिवायचं न्हाई."

त्यानं हात मागं घेतला, बोटांकडे बघितलं, आणि तोही हात लेकराच्या पाठीवर ठेवून दिला. "माझंच हाय अन मलाच बंदी," तो अब्बांना म्हणाला. अब्बांचे ओठ हलले, हसले की काय कळलं नाही. ते लाकडाकडे बघत होते. कड वाळत आली. मध्यापासून फिकी होत, रेष रेष उघडी पडत.

"गेलं का?" प्रज्ञेशनं विचारलं.

माहेनूर वाकली, श्वास लाकडावर पडू नये म्हणून तोंड बाजूला करून. "तीन गेले," ती म्हणाली. "एक हाय अजून." आणि तिनं ठोकळ्यावर नवा कागद चढवला.